साडेसहा इंचांचा बोगदा

दुकानात मी पर्समधून टेप काढला आणि सुईपासून मशीनच्या खांबापर्यंतचं अंतर मोजलं, तेव्हा काउंटरमागचा मुलगा जरा बावचळलाच. मशीन घ्यायला येणारे रंग बघतात, किंमत विचारतात, फार तर "पिको होतो का?" म्हणतात. टेप घेऊन आलेली बाई त्याने पाहिली नसावी. "काकू, घरात कुठंपण बसंल हो, छोटंच हाय," तो म्हणाला. म्हटलं, बाबा रे, मला याच्यावर वाकळ शिवायचीय, छोटं आहे हेच तर माझं दुखणं आहे.

साडेसहा इंच भरले.

दुपारी तीनचा सुमार. साताऱ्यातला मोती चौकाकडून राजवाड्याकडे जाणारा रस्ता उन्हाने सुस्तावलेला आणि दुकानात गिऱ्हाईक म्हणजे मी एकटी. त्यामुळे त्यालाही वेळ होता नि मलाही. त्याने मशीनचं गुणवर्णन सुरू केलं. एकवीस प्रकारचे टाके, चार टप्प्यांत काज, सुईत दोरा ओवायला खिट्टी, पानाफुलांची किनार आपोआप. मी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दाते खाली जातात का?"

"दाते?"

कापड दाबणाऱ्या फुटाखालच्या दातेरी पट्ट्यांवर मी बोट ठेवलं. शिवताना ते दाते वर येतात, कापडाला मागे ढकलतात, खाली बुडतात, खालच्या खाली पुढे येतात आणि पुन्हा डोकं वर काढतात. ही चार हालचालींची युक्ती ॲलन विल्सन नावाच्या अमेरिकन माणसाची, पेटंट १८५४ चं. आजच्या घरगुती मशीनमध्येसुद्धा तीच चालते. त्या दातांमुळे टाके एकसारखे पडतात आणि कालच शिकलेल्या मुलीचीही शिवण दिसायला बरी दिसते. विल्सनसाहेबांनी एवढा डोक्याला ताप करून बसवलेले दाते खाली पाडता येतील अशी सोय आहे का, एवढंच मला हवं होतं. पैसे त्याचेच मोजणार होते.

कारण फ्री मोशन क्विल्टिंगची, म्हणजे वाकळेच्या थरांतून मनाला येईल तशी नक्षी शिवत जाण्याची, सुरुवात तिथूनच होते. दाते पडले की कापड ओढणारं कुणी उरत नाही, सुई नुसती खाली-वर करते. कापड आपण फिरवायचं, वाटेल तिकडे, आडवं, तिरकं, गोल, उलट. टाका केवढा पडणार हे हात आणि पाय यांच्या भांडणावर ठरतं. हात पळाला आणि पाय रेंगाळला की लांबलचक टाके, पाय दाबला गेला आणि हात अडखळला की एकाच जागी दोऱ्याची गाठ. वळणावर घाई केली तर वरून सगळं छान दिसतं, पण कापड उलटं केल्यावर वरचाच दोरा खाली ओढला गेलेला, झोळ पडलेला. या सगळ्यात मशीनच्या एकवीस टाक्यांपैकी वीस टाक्यांना काही काम नसतं.

मुलाने मशीन सगळ्या बाजूंनी न्याहाळलं. सामान ठेवायचा डबा ओढून काढल्यावर पाठीमागे एक बारकासा काळा खटका सापडला. तो सरकवताच दाते गडप. त्याचाच चेहरा उजळला. खटका परत सरकवला तर दाते वर येईनात, आता तो घाबरला. म्हटलं, चाक एक फेरा फिरव. फिरवलं, आले. "काकू, तुमचा क्लास असतोय का?" मी गप्प बसले. माझा क्लास नव्हता, पण माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत होता.

तिथल्या बाई ज्याला नुसतं 'भरतकाम' म्हणत, ते हेच. काळ्या पायमशीनच्या पोटाखाली हात घालून त्या एक स्क्रू सैल करीत, दाते खाली जात. मग फूटच काढून बाजूला ठेवत. कापड रिंगमध्ये ताणायचं, पण हातभरतकामाच्या उलट, म्हणजे कापडाची पातळी खाली, मशीनच्या पाटाला टेकलेली. आणि त्या उघड्या सुईखाली रिंग फिरायला लागली की उशीच्या अभ्र्यावर गुलाब उमटायचा. आधी पाकळीची कड, मग आतून बाहेर भरत भरत, गडद गुलाबीपासून फिक्यापर्यंत. बाईंचं लक्ष रिंगेकडे कमीच असे. दारातून कोण गेलं, कुणाच्या घरी पाहुणे उतरलेत, हे सगळं बघत त्या पोपटाची चोच पुरी करीत. पाय मात्र एका लयीत. आम्ही परकरपोलक्यातल्या पोरी बाकावर बसून नुसत्या बघायच्या, कारण सरळ शिवण पास झाल्याशिवाय रिंगेला हात लावायची परवानगी नव्हती. एकीने बाई चहाला आत गेल्याची संधी साधली आणि सुई बोटातून आरपार घालून घेतली. त्या दिवशी बाईंनी मारलं नाही, हळद लावली, पण नंतर बरेच दिवस मशीनचा पट्टा उतरवून स्वतःच्या उशाशी ठेवायच्या.

क्विल्टिंगला रिंग नसते. जाड कापड, तीन थरांचं, ते ताणायचं कशावर? त्यासाठी स्प्रिंगचा उड्या मारणारा फूट येतो. सुई खाली जाते तेवढ्यापुरता तो कापड दाबतो, सुई वर आली की सोडतो, त्या निमिषात हाताने कापड पुढे सरकवायचं. हातात रबरी ठिपक्यांचे मोजे घालतात, पकड यावी म्हणून. परदेशातून मागवायची गरज नाही, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते चालतात.

पण दाते पडणारं मशीन मिळणं सोपं आहे. अवघड आहे ती जागा. सुईच्या उजव्या अंगाला, खांबापर्यंतची मोकळी जागा. डबलची वाकळ म्हणजे साधारण ९० बाय १०० इंच. कडेकडेने शिवताना काही वाटत नाही. मध्यावर आलं की निम्मी वाकळ, पंचेचाळीस इंच, आतल्या भरणासकट गुंडाळून त्या साडेसहा इंचांतून पलीकडे न्यायची आणि वर त्याच्यात वेलबुट्टीही काढायची. आपल्या साताऱ्याच्या बोगद्यातून उसाने शीग भरलेली ट्रॉली काढताना ड्रायव्हरचा जो चेहरा होतो, तो माझा होतो. म्हणून टेप. मी जिथे जाईन तिथे मशीन मोजते. भाचीकडे बारशाला गेले तरी मोजलं. यजमान म्हणतात, हिला लोक जागेची दलाल समजतील.

ज्यांना परवडतं ते मोठं घेतात. अकरा इंच जागा असलेली घरगुती मशीन आहेत, आणि त्यापुढे ती लाँग आर्म. तिथे सगळा न्यायच उलटा. वाकळ चौकटीवर ताणून गप्प पडलेली आणि मशीन रुळांवरून तिच्या अंगावर फिरतं. त्याला दहा-बारा फुटांची चौकट लागते. आमचा हॉल तेवढा आहे, पण मग टीव्ही आणि टीव्ही बघणारे दोघांनाही बाहेर काढावं लागेल.

मला स्वतःला आवडलं ते ज्युकी कंपनीचं एक. नुसता सरळ टाका, दुसरं काही येत नाही. मिनिटाला १५०० टाके आणि सुई जाते ते भोक बारीक गोल, त्यामुळे सुई इकडेतिकडे झुकत नाही, टाका नेमका पडतो. झिगझॅगवाल्या मशीनला ते भोक लांबट ठेवावंच लागतं. सुईशेजारची जागाही बरीच जास्त. किंमत ऐकल्यावर मात्र सुनेने विचारलं, "आणि याच्यावर पिकोसुद्धा होत नाही?" होत नाही. तेवढ्या पैशांत एक गुण कमी असलेली वस्तू घ्यायची, हे आपल्याकडे कुणाला पटवणं कठीण. पण मी म्हणेन, हे काम ज्याला करायचंय त्याने टाक्यांची यादी वाचूच नये. जागा बघावी, दाते बघावेत, पाय हलका दाबल्यावर मशीन हळू चालतं की दचकून धावतं ते बघावं, आणि थांबल्यावर सुई कापडात खाली राहते का बघावं. वर राहिली तर हात उचलताक्षणी वाकळ सरकलीच.

बर्निनासारख्या कंपन्यांनी तर सेन्सर लावलेला फूट काढलाय. आपण कापड किती वेगाने ओढतो ते तो वाचतो आणि मशीनला तसं पळवतो, म्हणजे टाके एका मापाचे. मोठं डोकं आहे, यात शंका नाही. मला मात्र तो टाका बघवत नाही. हात कुठे दमला, फोन कुठे वाजला, काहीच कळत नाही त्यात.

मग घरातलं पायमशीन काय वाईट, असं कुणीही विचारेल. वाईट काहीच नाही. दोन्ही हात मोकळे, हातमशीनसारखा एक हात चाकात अडकत नाही. लाइट गेली तरी चालतं. हवं तर एकेक टाका घालावा इतकं सावकाश चालतं, फक्त पेडल उलटं फिरलं की दोरा तुटलाच. पाटाखाली तो स्क्रूही आहे. नाहीत ते माझे गुडघे. मोटर बसवून पाहिली, तर ती चालू होते तीच पाचव्या गिअरमध्ये. निवडणुकीआधी वाटतात त्या मशीनबद्दल काही बोलत नाही, ती कुणाच्या घरात शिवताना मी अजून पाहिली नाहीत.

आणि आज्जी? तिला जागेचा प्रश्न कधी आलाच नाही, कारण ती वाकळेवरच बसायची. उन्हाळ्यात, सुगी आटोपल्यावर, कोरेगावकडच्या आमच्या घराच्या सोप्यात लुगडी अंथरली जायची. चार कोपऱ्यांना पितळी तांबे, मध्ये वरवंटा. पोटात घालायला धोतरं, फाटके सदरे, बाळांची दुपटी, वरून सगळ्यात कमी विरलेलं लुगडं. शेजारच्या दोघी-तिघी येऊन चारी कडांना बसायच्या. कडेपासून धावदोरा सुरू, कोपऱ्याला वळायचं, पुन्हा समांतर, असं चौकोनात चौकोन करत आत सरकायचं. गप्पा अर्थातच चालू, पण आज्जीची नजर सगळ्यांच्या सुयांवर. कुणी लांब टाका घातला की म्हणायची, "अगं बारीक घाल की. लांब टाक्यात पोरांच्या पायाची बोटं आडकत्यात." ते खरंच होतं. पहाटे पाय ओढावा आणि अंगठा टाक्यात जाऊन बसावा, मग झोपेतच तो सोडवायची खटपट, दोरा ओढला गेला तर सकाळी बोलणी. तिकडे अमेरिकेतही लांब टाक्याची बायका अशीच चेष्टा करतात, पायाच्या बोटांवरूनच, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

पण परवा वाकळेचं सामान काढायला बसले आणि मशीनचा विषय डोक्यातून गेलाच. कपाटात सुती काही नाही! माझ्या साड्या सिंथेटिक, त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात, कितीही टाचून घ्या. यजमानांचे शर्ट टेरिकॉट. धोतर नेसणारं घरात कुणी उरलं नाही. आईची लुगडी होती ती पुतण्यांच्या बारशांना दुपट्यांत गेली. सुती साडी मी विकत आणली तर ती नवी, कोरी, तिच्यात ऊब यायला कुणीतरी पंधरा वर्षं ती नेसायला हवी, धुवायला हवी, शेतात नाहीतर ओट्यापाशी वापरायला हवी. ते कोण करणार? मी पंजाबी ड्रेस घालते.

सुनेला सांगितलं तर ती आतून ढीग घेऊन आली. "आई, जीन्स आहेत की. मापात न बसणाऱ्या. सगळ्या सुती."

सोळा नंबरची सुई घातली की जीन्स शिवली जाईल, प्रश्न तो नाही. पण ती वाकळ धुतल्यावर पिळणार कोण?