पुढची चाकं उचलतात तेव्हा

दुपारी तीनची वेळ. कारखान्याच्या रस्त्याला जो चढ आहे, त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला जुना मॅसी ट्रॅक्टर पुढची चाकं वीतभर उचलतो आणि टपरीवर वाद पेटतो. जास्त ओढतो कोण, मॅसी फर्ग्युसन ३५ की महिंद्राचा बी-२७५? कुणीतरी मध्येच फोर्ड ३६०० घुसडतो. त्याला गप्प बसवतात.

या वादात पहिला दाखला स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टन किती लांब वर-खाली जातो त्याचा. मॅसीच्या तीन सिलिंडरच्या पर्किन्स इंजिनाचा स्ट्रोक १२७ मिलिमीटर, २७५च्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा जेमतेम १०२. 'लांब स्ट्रोक, म्हणून दम!' ऐकायला झकास. पण घनक्षमता पाहिली तर एक अडीच लिटरचं, दुसरं २.४ लिटरच्या आत-बाहेर. पीळही (टॉर्क) मग जवळपास तेवढाच. ढेकूळ आडवं आलं की इंजिन मरू न देता पुढे नेतं ते इंजिनामागचं जड चाक, फ्लायव्हील, आणि त्याचं नाव कुणी घेत नाही.

बरं, पीळ असून तो जमिनीला पोचायला हवा. पस्तीस घोड्यांतले सव्वीस मागच्या चाकांपर्यंत आले असं धरू. ताशी चार किलोमीटरच्या चालीला त्यांची ओढ होते साडेसतराशे किलो. पण सोळाशे किलोच्या ट्रॅक्टरचं मागच्या चाकांवर वजन असतं हजार-अकराशे, आणि वाफशावरच्या काळ्या रानात टायर धरतो त्याच्या निम्मं. नांगराचं वजन मागे आलं तरी सहाशे-सातशेच्या पुढे गाडी जात नाही. इंजिन गुरगुरत राहतं, टायर जागच्या जागी माती उकरतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या ट्रॅक्टर चाचणी केंद्रातली ओढ टणक ट्रॅकवर मोजलेली, तिचं आपल्या चिखलाला काय!

म्हणून मागच्या टायरात पाणी. चाक जॅकवर घ्यायचं, व्हॉल्व्ह वर बाराच्या जागी आणायचा, पाणी व्हॉल्व्हपर्यंत भरायचं; टायर पाऊण भरतो. १२.४-२८च्या एका टायरात साधारण दीडशे लिटर बसतं, म्हणजे दोन्ही मिळून तीनशे किलो, जवळपास फुकटात. मात्र ट्रॉली जोडायची ती मागच्या खालच्या पट्टीला, ड्रॉबारलाच. नांगराचा वरचा दांडा, म्हणजे टॉप लिंक, बसतो त्या उंच जागी साखळी अडकवली तर तोच जोर ट्रॅक्टर मागे उलटवतो, ड्रायव्हरसकट. बंपरवर दगड बांधणं किंवा पोरगं बसवणं हा त्यावरचा इलाज नव्हे.

भरवशाचं बोलायचं तर प्रत्येकाची खोड वेगळी. मॅसीचा हायड्रॉलिक पंप मधल्या हाउसिंगमध्ये, तेलात बुडलेला, आणि पीटीओच्या, म्हणजे मळणीयंत्रासारखी अवजारं फिरवणाऱ्या, शाफ्टवर फिरणारा.  गिअरच्या दांड्याचं रबर फाटलं की पावसाचं पाणी आत उतरतं, तेल दुधाळ होतं आणि मग नांगर उचलणारी लिफ्ट चिकटते. जुन्या २७५ची खोड थंडीतली. सुरू करताना सिलिंडर तापवणारे चारही हीटर एकाच साखळीत. एक जळाला की चौघंही थंड, आणि माणूस बॅटरीला शिव्या घालतो. आयशरच्या हवेने थंड होणाऱ्या एक-सिलिंडर इंजिनाला रेडिएटर नाही, पाणी नाही, होज नाही, त्यामुळे गळायला काही नाही. पण मळणीचा भुसा सिलिंडरभोवतीच्या पात्यांच्या फटीत बसला की तो तापतो, आणि त्याच्या थडथडीने नट एकेक करून सुटतात. आयशरवाल्याच्या खिशात पाना नसेल तर तो आयशरवाला नव्हे. १९७४ च्या स्वराज ७२४ला इंजिन किर्लोस्करांचं. विहिरीवरचं किर्लोस्कर उघडणारा मिस्त्री त्यालाही हात घालायला कचरत नसे.

या सगळ्यांचं एक मात्र बरं. डिझेल संपून लाइनीत हवा शिरली, तर टाकी भरायची, फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा, फेस जाऊन नितळ डिझेल आलं की आवळायचा. मग पंपावरचा स्क्रू, शेवटी नोझलांचे नट एकेक आटा सोडून सेल्फ मारायचा. प्रत्येक सिलिंडरला वेगळा प्लंजर असलेल्या इनलाइन पंपाला हे सगळं पचतं. रोटरी पंपाच्या आतल्या भागांना मात्र डिझेलचंच वंगण, पाणी आलं की तो कायमचा गेला.

जुना घ्यायला निघाला असाल तर रंग पाहू नका, इंजिन तापल्यावर तेलाच्या टोपणातून धूर किती येतो ते पाहा; फार येत असेल तर इंजिन झिजलंय. आणि मालक 'सेल्फवर लागतो' म्हणतोय, पण ट्रॅक्टर उताराकडे तोंड करून उभा आहे, तर चहा प्या आणि घरी परता.