स्टोकचा पाच नंबर

लंडनच्या यूस्टन स्टेशनावरून स्टोक-ऑन-ट्रेंटला पोचायला साधारण दीड तास लागतो. इंग्लंड बघायला आलेला आपला माणूस या गावी सहसा उतरत नाही. ऑक्सफर्ड, बाथ, फार तर लेक डिस्ट्रिक्ट. मला मात्र इथे यायचंच होतं, तेही एका सेंटर-हाफसाठी, म्हणजे फुटबॉलमधल्या मधल्या बचावपटूसाठी. नील फ्रँकलिन त्याचं नाव. १९२२ साली तो याच गावात जन्मला.

स्टेशनाबाहेर पडलं की समोर नामांकित कुंभार जोसाया वेजवुडचा पुतळा, हातात फुलदाणी. हे कुंभारकामाचं शहर. टन्स्टॉल, बर्स्लेम, हॅनली, स्टोक, फेंटन, लाँगटन अशी सहा गावं एकमेकांना चिकटून त्याचं एक शहर झालं. पूर्वी इथे बाटलीच्या आकाराच्या हजारो भट्ट्या धुराचे लोट सोडत असत. आता पन्नासही उरलेल्या नाहीत. वेजवुडची कबर ज्या चर्चच्या आवारात आहे तिथून थोडं चालत गेलं की व्हिक्टोरिया ग्राउंडची जागा लागते. १८७८ ते १९९७ स्टोक सिटी क्लब इथे खेळला. १९३७ साली आर्सेनलविरुद्धच्या सामन्याला ५१,३८० माणसं होती. आता आजूबाजूला नव्या घरांच्या रांगा आहेत आणि मैदान होतं हे सांगितल्याशिवाय कळत नाही. ट्रेंट नदी इथे इतकी अरुंद की नाव ऐकून आलेल्याचा हिरमोड व्हावा.

फ्रँकलिन इथे पाच नंबरचा शर्ट घालून खेळायचा. त्या काळच्या डब्ल्यूएम मांडणीत (खेळाडू W आणि M या अक्षरांच्या आकारात उभे) सेंटर-हाफचं काम ठरलेलं असे: समोरच्या सेंटर-फॉरवर्डला सोडायचं नाही आणि चेंडू आला की लांब भिरकावून द्यायचा. दांडगट, उंच, डोक्याने चेंडू मारणारा गडी लागे. फ्रँकलिन तसा नव्हता. तो चेंडू पायाखाली घ्यायचा, मान वर करून बघायचा आणि आपल्या माणसाला नेमका द्यायचा. स्वतःच्या गोलसमोर असं करायला छाती लागते. आजचे प्रशिक्षक बचावपटूंकडून हेच घोटून घेतात.

युद्धाने त्याची पहिली वर्षं खाल्ली. पण २८ सप्टेंबर १९४६ ला बेलफास्टमध्ये इंग्लंडचा युद्धानंतरचा पहिला अधिकृत सामना झाला, त्यात तो होता, आणि तिथून सलग २७ सामने त्याने एकही चुकवला नाही. १९४८ साली तूरिनमध्ये इंग्लंडने इटलीला ४-० हरवलं तेव्हाही मागे तोच उभा होता. क्लबची गोष्ट जरा हळहळ वाटावी अशी. १९४६-४७ च्या हंगामात स्टोकला लीग जिंकायची संधी होती; शेवटचा सामना शेफील्ड युनायटेडकडे हरले आणि दोन गुणांनी हुकले. त्याच्या महिनाभर आधी त्यांनी आपला नामांकित विंगर, म्हणजे कडेने खेळणारा आक्रमक, स्टॅन्ली मॅथ्यूज याला ब्लॅकपूल क्लबला विकून टाकलं होतं. ११,५०० पौंडांना. असले निर्णय कोण घेतं, देव जाणे.

नव्या स्टेडियमबाहेर मॅथ्यूजचे तीन पुतळे आहेत, कारकिर्दीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचे. त्याच्या अस्थीही आत मैदानाच्या मध्यबिंदूखाली पुरल्या आहेत. गावाने एका विंगरवर जीव ओवाळून टाकलाय, ते ठीकच. फ्रँकलिनचं नाव काढलं की मात्र लोक आधी बोगोटा म्हणतात, कोलंबियाची राजधानी.

झालं असं. १९५० मध्ये इंग्लंडमधल्या फुटबॉलपटूला हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त १२ पौंड मिळत, उन्हाळ्यात १०. याहून जास्त पगार देणं क्लबला नियमाने मना. सही केल्याबद्दल मिळत फक्त दहा पौंड. वर करार संपला तरी नोंदणी क्लबच्याच हातात, त्यामुळे क्लबने सोडलं नाही तर दुसरीकडे जायचं तरी कसं? तीस-चाळीस हजार माणसं तिकीट काढून बघायला येत होती, हे लक्षात घ्या. तिकडे कोलंबियात नवी लीग सुरू झाली होती. राष्ट्रीय संघटनेशी भांडून ती फिफाच्या बाहेर पडली, त्यामुळे परदेशी क्लबांना खेळाडूच्या बदलीपोटी काहीच देणं लागत नव्हतं. वाचलेला पैसा थेट खेळाडूच्या हातात. अर्जेंटिनातल्या खेळाडूंचा संप चिघळला तसा तिथला नामांकित खेळाडू डी स्टेफानोही कोलंबियात, बोगोटाच्या मियोनारियोस क्लबकडे आला.

फ्रँकलिनने इंग्लंडच्या संघटनेला कळवलं की पत्नी गरोदर आहे, ब्राझीलच्या विश्वचषकासाठी माझा विचार करू नका. आणि मे महिन्यात तो स्टोकचाच जॉर्ज माउंटफोर्ड याच्यासोबत बोगोटाच्या सांता फे क्लबकडे गेला, बायकोमुलासकट. गाव समुद्रसपाटीपासून २,६०० मीटरवर. लोकप्रिय नेते गाइतान यांच्या खुनानंतर उसळलेली दंगल जेमतेम दोन वर्षांपूर्वीची, रात्री संचारबंदी. पगार इंग्लंडच्या कित्येक पट, पण संसार लागेना. सहा सामने खेळून तो परतला.

तोवर इंग्लंड २९ जूनला बेलो होरिझोंटेत अमेरिकेकडून १-० हरलं होतं. त्या विश्वचषकात आपणही नव्हतो, पात्र ठरूनही भारताचा संघ ब्राझीलला गेला नाही. त्यामुळे त्या वर्षीच्या गैरहजेरीच्या गोष्टी मला जरा जास्तच ओढतात. इंग्लंडला मागे भरवशाचा सेंटर-हाफ सापडायला पुढची चार वर्षं लागली. १९५४ च्या विश्वचषकात कर्णधार बिली राइटला तिथे उभं केलं, तेव्हा भोक बुजलं.

फ्रँकलिनवर बंदी आली. १९५१ च्या फेब्रुवारीत दुसऱ्या विभागातल्या हल सिटीने २२,५०० पौंड मोजून त्याला घेतलं. म्हणजे ज्याला आठवड्याला १२ पौंडांच्या वर देता येत नव्हतं, त्याच्यासाठी क्लब एकमेकांना इतकी रक्कम बिनदिक्कत देऊ शकत होते. मग यात गद्दार कोण, फ्रँकलिन की क्लब, हे तुम्हीच ठरवा. माझं मत झालंय. इंग्लंडच्या संघात त्याला परत कधीच बोलावलं नाही. हलमध्ये गुडघा दुखावला, मग क्रू, स्टॉकपोर्ट असा उतरता प्रवास. पगाराची ती मर्यादा १९६१ मध्ये उठली आणि फुलमच्या जॉनी हेन्सला लगेच आठवड्याला शंभर पौंड मिळू लागले. तो काळ गाठायला फ्रँकलिनला दहा वर्षं उशिरा जन्मायला हवं होतं.

हे सगळं मी ओटकेकच्या दुकानात बसून एका आजोबांशी बोललो. ओटकेक म्हणजे ओटच्या पिठाचं घावन, आत चीज आणि बेकन. आजोबा मला दर वाक्याला ‘डक’ म्हणत होते, इथली तीच रीत. त्यांच्या वडिलांनी फ्रँकलिनला खेळताना पाहिलं होतं. “जायला नको होतं,” आजोबा म्हणाले, आणि पुढच्याच दमात, “पण मी असतो तर गेलोच असतो.”

जाणार असाल तर लाँगटनचं ग्लॅडस्टोन पॉटरी म्युझियम सोडू नका. भट्टीच्या आत उभं राहता येतं. हॅनलीच्या संग्रहालयात स्टॅफर्डशायरला सापडलेलं अँग्लो-सॅक्सन सोनं आहे. ओटकेक मात्र सकाळीच खा, दुकानं दुपारी लवकर मिटतात.