चोक फिरवल्यावरचे वीस सेकंद

तेल-वायूच्या विहिरीचं साडेआठ इंची भोक, खोली ३००० मीटर, मडची, म्हणजे खोदताना पाइपातून खाली आणि बाहेरून वर फिरवायच्या जड चिखलाची, घनता १.२०. खोदण्याचा वेग एकाएकी दुप्पट झाला. असं झालं की पाइप तळापासून उचलायचा, रोटरी आणि पंप थांबवायचे आणि फ्लो लाइनकडे, म्हणजे परत येणाऱ्या मडच्या नळीकडे, बघायचं. पंप बंद होते, तरी मड वाहत होता. म्हणजे थरातून काहीतरी विहिरीत शिरत होतं. ड्रिलरने कोणाला विचारत न बसता ॲन्युलर, म्हणजे पाइपाभोवती आवळून विहिरीचं तोंड मिटणारा रबरी व्हॉल्व्ह, बंद केला, चोक लाइनवरचा व्हॉल्व्ह उघडला. त्या लाइनीतून बाहेर येणारा प्रवाह कमीजास्त करणारा चोक आधीपासून बंदच होता. तोवर मडच्या टाकीत १० बॅरल वाढले होते.

केसिंगचा, म्हणजे पाइपाबाहेरच्या जागेतला दाब दाखवणारा, गेज ४५० पीएसआयवर स्थिरावला. ड्रिल पाइपचा मात्र शून्यावर. या शून्यावर विश्वास ठेवायचा नसतो, कारण पाइपाच्या टोकाला खोदणाऱ्या बिटच्या वर फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे फक्त खालच्या दिशेने उघडणारी झडप, असेल तर तळाचा दाब पाइपातून वर कळतच नाही. पंप अगदी हळू, थोडा थोडा चालवला. काटा चढत गेला आणि ३०० वर अडखळला, त्याच वेळी केसिंगचा काटा किंचित हलला. फ्लोट उघडला तो तिथे.

पुढचा सगळा हिशोब या ३०० वर. खोली मीटरमध्ये घेऊन १.४२ ने गुणायची आणि ३०० ला त्या आकड्याने भागायचं: ०.०७. म्हणजे थराचा दाब तोलणारा किल मड १.२७ चा, त्यासाठी दर घनमीटरला साधारण १०० किलो बॅराइट, म्हणजे मड जड करणारी खनिज पूड. आत काय शिरलंय तेही कळलं. १० बॅरल म्हणजे कॉलरभोवती, म्हणजे बिटच्या वरच्या जाड पाइपांभोवती, जेमतेम १०५ मीटर उंची. एवढ्यात दोन गेजांमध्ये १५० चा फरक पडतो तो वायूनेच. तेल किंवा पाणी असतं तर इतका पडला नसता.

बॅराइट मिसळेपर्यंत थांबण्याऐवजी जुन्याच मडने आधी वायू बाहेर काढायचं ठरलं. पंपाच्या मिनिटाला ३० स्ट्रोकला ४०० पीएसआय लागतात हे पाळीच्या सुरुवातीला नोंदलेलं होतं. पंप वेगात येईपर्यंत केसिंग ४५० वर धरलं, नंतर ड्रिल पाइप ३०० अधिक ४००, म्हणजे ७०० वर. इथून पुढे बघायचा तो ड्रिल पाइपचाच काटा.

सांगायला सोपं. दोन तासांनी वायू वर आला, फुगला. केसिंग ९०० च्या घरात गेलं, टाकीही भरत चालली. शू, म्हणजे विहिरीत आधी बसवलेल्या केसिंग नळीचं खालचं टोक, १८०० मीटरवर होता आणि वायू तो केव्हाच ओलांडून आला होता, त्यामुळे शूपाशी थर फुटायची धास्ती नव्हती. पण चढता काटा बघून चोकवरच्या माणसाचा हात शिवशिवतोच. त्याने चोक जरा उघडला. ड्रिल पाइपचा काटा हलला नाही, म्हणून आणखी उघडला.

दाबाची लाट सेकंदाला साधारण ३०० मीटर जाते. चोकपासून तळापर्यंत आणि तिथून पाइपातून वर: ६००० मीटर, म्हणजे वीस सेकंद. पहिल्या उघडण्याचा परिणाम अजून वाटेतच होता. दोन्ही एकापाठोपाठ पोहोचले आणि काटा ७०० वरून ५६० वर घसरला.

“हात काढ. मनात वीस मोज, मग बघ,” रिगचा प्रमुख, टूलपुशर, म्हणाला. चोक थोडा आवळून काटा ७०० वर आणायला मिनिटभर गेलं.

त्या मिनिटाचा हिशोब अर्ध्या तासाने लागला. पहिला वायू निघून गेल्यावर पंप थांबवून विहीर बंद केली, तर दोन्ही गेज ३०० दाखवायला हवे होते. ड्रिल पाइप ३००, केसिंग ३६०. तळाचा दाब थरापेक्षा कमी पडला तेवढ्यात नवा वायू शिरला होता. त्यालाही तळापासून वर आणायचं म्हणजे आणखी दोनेक तास. दुसऱ्यांदा दोन्ही काटे ३०० वर जुळले, मगच किल मड आत सोडला.

शेवटी दोन्ही शून्यावर आले, चोक उघडा ठेवला तरी काही वाहिलं नाही. तरीही ॲन्युलर उघडण्याआधी रिग फ्लोअर रिकामा केला. चोक लाइन जिथे निघते त्याच्या वर, ॲन्युलरच्या खाली, थोडा वायू अडकून राहतो. उघडल्याबरोबर तो मड उडवत बाहेर पडलाच.