तुम्ही विचारलंत म्हणून: मरण माझं, मग सही दुसऱ्याची कशाला?

हा प्रश्न बहुतेक वेळा साठी उलटलेली माणसं विचारतात, आणि विचारताना आवाज किंचित चढलेला असतो. ‘शेवटी नळ्यांनी बांधून ठेवू नका, एवढंच मला लिहून ठेवायचंय. त्यालाही साक्षीदार, नोटरी, वर डॉक्टरांची दोन मंडळं? मरण माझं ना?’

चीड समजते. पण आधी एक घोटाळा निस्तरायला हवा. वर्तमानपत्रं ज्याला ‘इच्छामरणाचा कायदा’ म्हणतात, तो मरणाचा हक्क देतच नाही. हक्क आहे तो उपचार नाकारण्याचा. रुग्णाने हात जोडून मागितलं म्हणून डॉक्टरने प्राण घेणारं इंजेक्शन दिलं, तर तो आजही सदोष मनुष्यवध आहे. मरणाऱ्याची संमती असेल तर खुनाचं कलम टळतं, गुन्हा टळत नाही. एखाद्याला स्वतःचा जीव घ्यायला कुणी मदत केली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०८ आहेच.

या रेषेपर्यंत न्यायालयं सरळ चालत आलेली नाहीत. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका पोलीस हवालदाराच्या खटल्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं, तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतलं कलम ३०९ घटनाबाह्य ठरवलं, निकाल न्या. पी. बी. सावंतांचा. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तेच म्हटलं आणि १९९६ मध्ये, ग्यान कौर खटल्यात, पाच न्यायमूर्तींनी ते फिरवलं: घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही. त्याच निकालात एक फट मात्र राहिली. आयुष्य नैसर्गिकपणे संपत आलेलं असताना ते सन्मानाने संपणं हा जगण्याचाच भाग, असं त्यात म्हटलं होतं. पुढचं सगळं त्या फटीतून आलं.

मग अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि त्या ४१ वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयात पडून होत्या. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व मान्य केलं, की उच्च न्यायालयाच्या परवानगीने उपचार थांबवता येतील. पण त्यांच्यासाठी केलेली विनंती फेटाळली. कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने याचिका करणाऱ्या पत्रकार-लेखिका पिंकी विराणींना दिला नाही. तो दिला त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांना, आणि त्यांना अरुणा जगायला हव्या होत्या. १८ मे २०१५ रोजी त्या न्यूमोनियाने गेल्या. त्यांना स्वतःला काय हवं होतं, हे सांगणारा कागदाचा चिटोराही नव्हता.

कागदाला बळ मिळालं ते ९ मार्च २०१८ रोजी. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने लिव्हिंग विल (शुद्ध हरपल्यावर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवणारं इच्छापत्र) मान्य केलं, पण अटी अशा घातल्या, की अंमल जवळजवळ अशक्य झाला. कागद करायला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही, दुसऱ्या मंडळासाठी जिल्हाधिकारी, मंडळातल्या डॉक्टरांना २० वर्षांचा अनुभव, आणि शेवटी दंडाधिकाऱ्याने स्वतः रुग्णाच्या खाटेपाशी यायचं. एवढं जुळेपर्यंत आयसीयूतला माणूस थांबतो थोडाच! अतिदक्षता विभागांच्या डॉक्टरांची संघटनाच न्यायालयात गेली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी अटी सैल झाल्या. आज चालतं ते हे रूप. संसदेने वेगळा कायदा केलेला नाही, त्यामुळे निकालातली ही मार्गदर्शक तत्त्वं हाच कायदा.

करायचं काय? तुम्ही सज्ञान आणि शुद्धीत असायला हवं. कुणाच्या दबावाखाली नाही, हे दिसायला हवं. दोन साक्षीदारांसमोर सही करायची (स्वतंत्र साक्षीदार, म्हणजे मुलगा आणि सून नव्हेत), आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घ्यायचं. स्टँप पेपर किती रुपयांचा, हे सगळे पहिल्यांदा विचारतात; न्यायालयाने तशी अटच घातलेली नाही. तुमची शुद्ध हरपल्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची, एकापेक्षा जास्त. एक प्रत त्यांना, एक घरच्या डॉक्टरला, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. मुंबईत हे काम वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आहे. लहान गावात ‘असं काही आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर मिळू शकतं. तेव्हा लेखी अर्जासोबत प्रत द्या आणि पोच घ्या. गोव्यात २०२४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवून वाट मोकळी केली.

‘इच्छापत्र’ हा शब्दच गोत्यात आणतो. लोक त्याला मालमत्तेच्या मृत्युपत्राचा भाऊ समजतात आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवतात. मृत्युपत्र तेराव्यानंतर उघडलं तरी बिघडत नाही. हा कागद रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत हातात हवा. दोन्ही एकाच कागदावर तर कधीच लिहू नका.

मजकुरातही माणसं चुकतात. ‘मला व्हेंटिलेटर लावू नये’ हे वाक्य धोक्याचं आहे. धडधाकट माणसाला न्यूमोनिया झाला, तर चार-पाच दिवसांच्या व्हेंटिलेटरवर तो बरा होऊन घरी येऊ शकतो. म्हणून अट आधी लिहा: आजार असाध्य आहे, बरं होण्याची आशा नाही आणि उपचार फक्त मरण लांबवत आहेत, असं ठरल्यावर. मग काय नको ते एकेक नाव घेऊन: हृदय बंद पडल्यास छाती दाबून ते सुरू करणं, व्हेंटिलेटर, डायलिसिस, नाकातून किंवा पोटातून नळीने अन्न. नळीच्या अन्नाबद्दल मोघम राहू नका. ‘उपाशी कसं ठेवायचं?’ यावर घरं सर्वांत जास्त अडतात. आणि काय हवं तेही लिहा: वेदनाशमन, तोंड ओलं ठेवणं, शक्य असेल तर घर. कागद अस्पष्ट निघाला तर तो बाजूला पडतो आणि कागदच नसलेल्या रुग्णासारखी तुमची प्रक्रिया सुरू होते.

पुढचं काम रुग्णालयाचं. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ, हे पहिलं मंडळ. दुसऱ्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर आणि पहिल्यात नसलेले दोन तज्ज्ञ. उपचार थांबवावेत का, यावर दोघांनी शक्यतो ४८-४८ तासांत मत द्यायचं. तुम्ही बोलू शकत नसाल, तर कागदात नाव असलेल्याची संमती घ्यायची. दंडाधिकाऱ्याला आता फक्त कळवायचं. मंडळाने नकार दिला तर उच्च न्यायालय आहे.

आता सहीचा मुद्दा. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध सोडलं. कलम ३०९ तेव्हा लागू होतं, पण समाजाने त्याला आत्महत्या म्हटलं नाही, प्रायोपवेशन म्हटलं. जैनांच्या संथाऱ्याला, म्हणजे मरेपर्यंत अन्न सोडण्याच्या व्रताला, राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आत्महत्या ठरवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. म्हणजे स्वतःहून थांबणाऱ्याबद्दल आपली नीती कायद्यापेक्षा सैल आहे. पण तोच माणूस बेशुद्ध झाला, की नीती उलटी फिरते: आता थांबवणारे आपण असतो. ‘बापाला मारलं’ हे ऐकायला कोणता मुलगा तयार होईल? मग पोटच्या पोरांपैकी सर्वांत दूर राहणारा विमानाने येतो आणि ‘सगळं करा’ म्हणतो. किंवा ‘डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज’च्या फॉर्मवर सही होते आणि नळी अँब्युलन्समध्ये निघते, वेदनाशमनाशिवाय. दोन मंडळांची कटकट मला या चोरवाटेपेक्षा बरी वाटते. शिवाय ज्या घरात म्हाताऱ्याच्या नावावर फ्लॅट आहे, तिथे एकाच सहीवर प्लग काढता येणं मला तरी नको. न्यायालयाची भीतीही हीच आहे, आणि ती अनाठायी नाही.

तेव्हा दुसऱ्याची सही तुमच्या स्वातंत्र्यावर कुरघोडी करायला नाही. ती लागते, कारण त्या क्षणी तुमचा हात उठणार नसतो. नाव निवडताना सर्वांत लाडका निवडू नका. जो नातेवाइकांसमोर उभा राहून ‘बाबांनी हेच सांगितलं होतं’ म्हणू शकेल, तो निवडा. भाची असेल, शेजारचे निवृत्त मास्तर असतील. मन बदललं तर कागद केव्हाही लेखी मागे घेता येतो, त्याच पद्धतीने. दोन कागद सापडले तर नंतरचा धरतात. म्हणून तारीख ठळक घाला आणि जुन्या प्रती गोळा करून फाडा.