व्हीली शिकताना आधी उजवा पाय

व्हीली, म्हणजे पुढचे चाक हवेत ठेवून नुसत्या मागच्या चाकावर मोटरसायकल चालवणे, शिकायची आहे असे म्हणणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न पुढचे चाक उचलायचे कसे, हाच असतो. शिकवणाऱ्याने मात्र सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी, असे माझे ठाम मत आहे. उचललेले चाक हव्या त्या क्षणी खाली आणता आले पाहिजे, आणि ते काम उजव्या पायाखालचा मागचा ब्रेक करतो. चाक वर असताना हा ब्रेक दाबला की टायर आणि जमीन यांच्यामध्ये मागच्या दिशेने बल लागते, आणि ते गाडी व चालक यांच्या एकत्रित गुरुत्वमध्याच्या, म्हणजे सगळे वजन जिथे एकवटल्यासारखे असते त्या बिंदूच्या, बरेच खाली लागत असल्यामुळे अख्खी गाडी पुढे झुकते. रेस सोडल्यानेही चाक खाली येते, परंतु गाडी एका मर्यादेपलीकडे मागे कलली की नुसती रेस सोडणे पुरत नाही. त्या क्षणी ब्रेकवर पाय नसेल, तर गाडी अंगावर येण्यापासून वाचवणारे दुसरे काहीही उरत नाही.

हे नीट उमजण्यासाठी थोडे गणित मांडणे गरजेचे आहे. पुढचे चाक जमीन सोडते ते गाडीचे त्वरण एका ठरावीक आकड्यापर्यंत पोहोचल्यावर. मागच्या चाकाच्या टेकण्यापासून गुरुत्वमध्यापर्यंतचे आडवे अंतर आणि त्या गुरुत्वमध्याची जमिनीपासूनची उंची यांच्या गुणोत्तरावर तो आकडा ठरतो. चालक बसलेल्या बहुतेक स्पोर्ट बाईकमध्ये ही दोन्ही अंतरे कमीजास्त सारखीच, म्हणजे 65 ते 70 सेंटीमीटरच्या आसपास असतात. त्यामुळे लागणारे त्वरण गुरुत्वीय त्वरणाइतके, म्हणजे दर सेकंदाला सेकंदामागे 9.8 मीटर येते. आता आपल्याकडे रस्तोरस्ती दिसणारी केटीएम आरसी 390 घ्या. तिचे 373 सीसीचे इंजिन साधारण 35 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते आणि पहिल्या गिअरमध्ये तो मागच्या चाकापर्यंत पोहोचेपर्यंत वीस-एकवीस पट होतो. चाकाची त्रिज्या आणि चालकासह सुमारे 240 किलो वजन धरून हिशेब केला, तर मिळणारे त्वरण दहाच्या जवळ जाते. याचा अर्थ असा की ही गाडी अगदी काठावर उभी आहे. इंजिन ऐन भरात असताना ती नुसत्या रेसवर चाक उचलेलही, पण एरवी तिला क्लचचा धक्का द्यावा लागतो. याउलट 1000 सीसीच्या सुपरबाईकचा टॉर्क 100 न्यूटन मीटरच्या पुढे असतो. ती पहिल्या गिअरमध्ये मनगटाच्या किंचित हालचालीने चाक उचलते आणि तितक्याच सहजपणे मागे उलटते. मोठी गाडी म्हणजे सोपी व्हीली, हा समज मला अत्यंत घातक वाटतो.

चाक उचलले गेल्यानंतर काय होते, हे त्याहून महत्त्वाचे. गुरुत्वमध्य मागच्या चाकाच्या टेकण्याच्या बरोबर वर आला की गाडी तोलाच्या बिंदूवर येते. वरच्या आकड्यांप्रमाणे पाहिले तर तो कोन 45 अंशांच्या आसपास पडतो. या बिंदूच्या खाली असताना चाक वर ठेवायचे तर गाडीला सतत वेग वाढवत राहावे लागते. तोलाच्या बिंदूवर मात्र वेग वाढवण्याची गरज राहत नाही, आणि तिथे गाडी सायकलच्या वेगानेही चालू शकते. नवशिक्याला चाक जमिनीलगत ठेवणे सुरक्षित वाटते, आणि पडण्याच्या उंचीपुरते ते खरेही आहे. पण तसे ठेवताना वेग वाढत जातो, इंजिन आरपीएमच्या मर्यादेला धडकते, ताकद एकदम तुटते आणि चाक धाडकन खाली आदळते. आरसी 390 वर पहिल्या गिअरमध्ये सात हजार आरपीएमला वेग जेमतेम 40 किलोमीटरच्या आसपास असतो, यावरून हा सगळा खेळ किती लवकर संपतो याची कल्पना यावी.

लांबच लांब व्हीली ताकदीवर होत नाही, हे दोन जुन्या विक्रमांवरून स्पष्ट दिसते. अमेरिकेचे डग डोमोकोस यांनी 1984 मध्ये अलाबामातील टॅलाडेगाच्या ट्रॅकवर 145 मैल, म्हणजे सुमारे 233 किलोमीटर अंतर एका चाकावर कापले. पुढे 1991 मध्ये जपानच्या यासुयुकी कुडो यांनी त्सुकुबा येथे 331 किलोमीटरपर्यंत मजल मारली. डोमोकोस यांची गाडी होंडाची एक्सआर 500 होती, तर कुडो यांच्याकडे टीएलएम 220 ही हलकी ट्रायल गाडी होती. कुडो यांच्या त्या गाडीचे इंजिन आपल्या पल्सर 220 एवढेच. एवढा वेळ तोलाच्या बिंदूवर राहण्यासाठी जे लागते ते रेस आणि ब्रेक यांमधील अखंड, बारीक देवाणघेवाण होय. वेगाची व्हीली हा निराळाच प्रांत आहे. स्वीडनच्या पॅट्रिक फ्युर्स्टेनहॉफ यांनी 1999 मध्ये इंग्लंडमधील ब्रंटिंगथॉर्प येथे टर्बो बसवलेल्या होंडा ब्लॅकबर्डवर ताशी 307 किलोमीटरहून अधिक वेगात चाक वर ठेवले होते. तिकडे शिकाऊ माणसाने डोळे लावून बसण्यात काही अर्थ नाही.

जागेविषयी मी तडजोड करत नाही. सार्वजनिक रस्ता, मग तो पहाटेचा रिकामा बायपास असो की नव्या वसाहतीतला अर्धवट डांबरी रस्ता, या कामासाठी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 खाली धोकादायक वाहन चालवण्याच्या पहिल्याच गुन्ह्याला 6 महिने ते 1 वर्षापर्यंत कैद, 1000 ते 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. पण कायदा बाजूला ठेवला तरी, समोरून अचानक येणाऱ्या माणसाचा आपल्या हौसेशी काहीही संबंध नसतो, एवढे कारण मला पुरेसे आहे. आम्ही चाकणकडच्या एका गोदामाच्या आवारात, मालकाची परवानगी घेऊन, सुट्टीच्या दिवशी फाटक लावून सराव करत असू. तिथले काँक्रीट सपाट होते आणि दोन्ही टोकांना थांबायला भरपूर जागा होती. फुल-फेस हेल्मेट, पाठीचा कणा झाकणारे प्रोटेक्टर, तळव्याला कडक पॅड असलेले हातमोजे, गुडघ्यांचे गार्ड आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट, एवढे अंगावर नसेल तर गाडी स्टँडवरून काढू नये. व्हीलीत माणूस मागच्या बाजूला पडतो आणि पहिला मार माकडहाड व मनगट यांना बसतो, हे अंगावरचे संरक्षक साहित्य निवडताना लक्षात ठेवावे. माझ्या मते पहिले धडे स्पोर्ट बाईकवर घेऊच नयेत. एक्सपल्स 200 सारखी हलकी, उंच हँडलची गाडी मातीच्या मैदानावर घेतली, तर पडण्याची किंमत पुष्कळ कमी होते आणि शिकलेले सगळे पुढे उपयोगी पडते.

आता प्रत्यक्ष सरावाकडे वळतो. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते दादा पहिल्या सत्रात चाक उचलूच देत नसत. पहिल्या गिअरमध्ये चालण्याच्या वेगाने गाडी पुढे न्यायची, हलकी रेस कायम ठेवायची आणि त्याच वेळी मागचा ब्रेक कमी-जास्त दाबून वेग सांभाळायचा, एवढेच काम असे. पायाच्या चवड्याला पेडल किती खोल जाते, कुठे पकडते आणि कुठे चाक लॉक होते, हे न पाहता कळले पाहिजे, हा त्यामागचा हेतू. त्यानंतर क्लचने चाक वीतभर उचलायचे आणि प्रत्येक वेळी, गरज नसली तरी, ब्रेकला टिचकी मारूनच ते खाली आणायचे. आवाराच्या कडेला उभे राहून ते दर फेरीला एकच प्रश्न ओरडून विचारत: "पाय कुठंय?" तो प्रश्न रास्त होता. चाक वर येते तसा माणूस सीटवर मागे घसरतो, पाय ताणला जातो आणि बुटाचे टोक नकळत पेडलवरून उचलले जाते. ज्या क्षणी ब्रेकची सर्वाधिक गरज, नेमका त्याच क्षणी पाय हवेत असतो. यावर उपाय दोन आहेत. एक म्हणजे दोन्ही गुडघ्यांनी टाकी घट्ट आवळून धरणे, म्हणजे शरीर मागे जातच नाही. दुसरा म्हणजे पेडलची उंची आपल्या बुटाप्रमाणे लावून घेणे. बहुतेक गाड्यांत पेडलला जोडलेल्या रॉडचा नट सैल करून ती बदलता येते. मात्र बदल केल्यावर चाक हाताने फिरवून ब्रेक घासत नाही ना आणि मागचा दिवा वेळेवर लागतो ना, हे तपासायलाच हवे.

क्लचने चाक उचलण्याची कृती सांगायला सोपी आहे. पहिल्या गिअरमध्ये ताशी 15 ते 20 किलोमीटर वेगाने सरळ जावे, नजर समोर लांबवर ठेवावी आणि फूटरेस्टवर वजन समान ठेवावे. रेस थोडी वाढवताच तर्जनी आणि मधले बोट यांनी क्लच फक्त घसरू लागेल इतका ओढावा. इंजिनचा आवाज चढला की तो चटकन पण झटका न देता सोडावा. क्लच पूर्ण आत ओढून एकदम सोडून देणाऱ्याला चाकाच्या उंचीवर ताबा मिळत नाही, शिवाय क्लच प्लेट जळाल्याचा वास काही मिनिटांतच येऊ लागतो. चाक उठले की रेस तिथल्या तिथे स्थिर करायची असते. नवशिक्याची बहुतेक पडझड याच ठिकाणी होते. शरीर मागे खेचले जाते, हात हँडलला लोंबकळतो, मनगट खाली वाकते आणि रेस आपोआप आणखी उघडते. म्हणून मूठ वरून न पकडता, दाराची गोल मूठ फिरवताना धरतो तशी बाहेरच्या बाजूने तिरकी पकडावी. अशा पकडीत मनगट वर राहते आणि शरीर मागे गेले तरी रेस वाढत नाही. स्पोर्ट बाईकचे क्लिप-ऑन हँडल खाली असल्यामुळे सुरुवातीला छाती टाकीवर झुकलेली असते आणि चाक जड वाटते. कंबर सरळ केली की ते हलके होते, पण हात ताठ ठेवून हँडल ओढण्याची सवय मात्र अजिबात लावून घेऊ नये, कारण अशा ओढण्याने गाडी हमखास एका बाजूला जाते.

गाडी तोलाच्या पलीकडे गेली आणि ब्रेकनेही सावरली नाही, तर कमी वेगात हँडल सोडून मागच्या बाजूला पायांवर उतरणे हाच शहाणपणा. तिला धरून ठेवण्याचा मोह फार होतो, परंतु गाडीचे प्लास्टिक पुन्हा मिळते. ही उतरण्याची क्रियासुद्धा आधी समजून घेतलेली असावी, ऐन वेळी ती सुचत नाही.

चाक खाली आणताना रेस एकदम बंद करू नये. ब्रेकच्या हलक्या दाबाने गाडी खाली येऊ लागली की थोडी रेस शिल्लक ठेवावी, म्हणजे शॉकअप आदळत नाहीत. पुढचे चाक हवेत असताना मंदावलेले असते. जमिनीला लागताना ते सरळ असेल तर टायरचा छोटासा आवाज होऊन सगळे सुरळीत होते. वाकडे असेल तर हँडल दोन्ही बाजूंना जोरजोराने थडथडू लागते. अशा वेळी हँडल आवळून धरण्याने थडथड वाढते. पकड सैल ठेवून, गुडघ्यांनी टाकी धरून गाडीला स्वतःहून सरळ होऊ द्यावे.

आधुनिक गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. भारतात एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक आहे. व्हीलीत पुढचे चाक मंदावते आणि मागचे वेगात असते, त्यामुळे दोन्ही चाकांच्या वेगावर चालणारी एबीएस किंवा ट्रॅक्शन कंट्रोलची (मागचे चाक जागच्या जागी फिरू न देणारी) यंत्रणा गोंधळू शकते. म्हणून आपल्या गाडीचा मागचा ब्रेक अशा स्थितीत कसा वागतो आणि यंत्रणेचे कोणते मोड बंद करता येतात, हे मालकाच्या पुस्तिकेत वाचून, चाक जमिनीवर असताना तपासून पाहावे. 2015 च्या यामाहा आर1 पासून सहा दिशांची हालचाल मोजणारा सेन्सर आणि चाक उचलले जाऊ नये म्हणून ताकद कमी करणारी यंत्रणा सुपरबाईकमध्ये रुळली. ती वेगवान ट्रॅकवर फार मोलाची आहे, परंतु ती चालू ठेवून व्हीली शिकता येत नाही, आणि ती बंद केल्यावर आपल्या हातात किती ताकद उरते याचे भान भल्याभल्यांना नसते.

या सरावाने गाडी झिजते, आणि ही झीज वेळेवर पकडणे शिकण्याचाच भाग मानावा. चेन सैल पडते, क्लच केबलचा खेळ वाढतो, शॉकअपच्या ऑइल सीलमधून तेल झिरपून दांड्यांवर ओलसर कडे दिसू लागते. गाडी बराच वेळ कलती ठेवली तर इंजिनमधले तेल मागे सरकते आणि पंपाला ते मिळेनासे होते, म्हणून लांब व्हीलीचा हव्यास नवशिक्याने करू नये. सर्वांत आधी मात्र कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, जातो. तो तपासण्यासाठी पुढचे चाक स्टँडवर अधांतरी उचलून हँडल दोन बोटांनी सावकाश डावीकडून उजवीकडे न्यावे. अगदी मधोमध, गाडी सरळ असताना, हँडल एखाद्या खाचेत बसल्यासारखे क्षणभर अडले, तर कोनसेटच्या वाट्यांवर छऱ्यांचे खड्डे पडले आहेत. ते बदलून घेईपर्यंत त्या गाडीवर पुढचा सराव थांबवावा आणि रोजच्या रस्त्यावरही ती जोरात पळवू नये.