अडीच किलोचा चाप

टेक्सासात पिस्तूल बाळगण्याचं लायसन्स काढायचं तर नेमबाजीची ५० गोळ्यांची परीक्षा द्यावी लागते. ३ यार्डांवरून २०, ७ यार्डांवरून २० आणि शेवटच्या १० गोळ्या १५ यार्डांवरून. गुण २५०, पास व्हायला १७५. मी पास झालो. पण शेवटच्या दहापैकी सात गोळ्या कागदावर खाली डावीकडे एकाच ठिकाणी जमलेल्या दिसल्या आणि पास झाल्याचा आनंद तिथेच ओसरला. उजव्या हाताने पिस्तूल चालवणाऱ्याच्या गोळ्या अशा पडल्या तर बहुतेक वेळा कारण एकच असतं. शेवटच्या क्षणी माणूस चाप दाबत नाही, हिसकतो.

घरच्या मंडळींच्या कपाळावर एव्हाना आठी पडली असेल, म्हणून आधीचं थोडं सांगतो. आपल्याकडे १९५९चा शस्त्र कायदा आहे. लायसन्स मिळणं अवघड, आणि मिळालं तरी ९ मिलिमीटरचं पिस्तूल सामान्य नागरिकाला घेता येत नाही. इथेही मी एच-१बी व्हिसावर होतो तोवर बंदूक जवळ ठेवणं मला बेकायदा होतं. तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना केंद्रीय कायद्याने ती मनाई आहे. शिकारीचा परवाना असलेल्यांसारखे थोडे अपवाद सोडले तर. ग्रीन कार्ड आल्यावर दुकानात जाऊन ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि पिस्तूल घेतलं. आम्ही शहराबाहेर राहतो. मागे एकदा रात्री कुणीतरी मागचं दार ढकलत होतं, तेव्हा पोलिसांची गाडी यायला २५ मिनिटं लागली. ती २५ मिनिटं मी आणि बायको मुलीच्या खोलीत दार लावून बसलो होतो. घेण्याचं कारण एवढंच.

१ सप्टेंबर २०२१पासून टेक्सासात २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला लायसन्सशिवायही पिस्तूल बाळगता येतं. तरी मी लायसन्स काढलं. बाहेरच्या बऱ्याच राज्यांत ते चालतं, आणि कुठल्या दारावरच्या पाटीचा काय अर्थ, कुठे पिस्तूल नेलं तर गुन्हा, हे वर्गात बसून नीट शिकता येतं.

पिस्तूल ग्लॉक १९, पाचव्या पिढीचं. हे मॉडेल मुळात १९८८चं, ऑस्ट्रियन कंपनीचं. मध्यम आकार, मॅगझिनमध्ये १५ काडतुसं, शर्टाखाली कमरेला मावतं. याला अंगठ्याने चालू-बंद करायचा सेफ्टीचा खटका नाही. चापाच्या मधोमध एक पातळ जीभ आहे. बोट तिच्यावर नीट पडल्याशिवाय चाप मागे येत नाही. आत आणखी दोन अडसर आहेत, पिस्तूल हातातून पडलं तरी गोळी सुटू नये म्हणून. चाप ओढत गेलं की हे तिन्ही अडसर ओळीने सुटतात. कारखान्यातून येतो तो चाप साधारण साडेपाच पौंडांचा, म्हणजे अडीच किलोचा. आधी थोडी मोकळी ओढ, मग बोटाला एक भिंत लागते. त्या भिंतीवर जोर दिला की चाप पटकन सुटत नाही, ओल्या दोरीसारखा ताणत राहतो. माझा धीर नेमका तिथेच सुटायचा.

मग मी दोष चापाला दिला. इथे ग्लॉकच्या सुट्या भागांचा बाजार अफाट आहे. सपाट तोंडाचा नवा चाप, घासून गुळगुळीत केलेला कनेक्टर (चाप किती जोराने सुटतो हे ठरवणारी आतली पत्री) आणि हलक्या स्प्रिंगा असा एक संच मागवला. पिस्तूल रिकामं केलं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवली, नळीत बोट घालून पुन्हा पाहिलं आणि जेवणाच्या टेबलावर तासाभरात भाग बदलले. चापाचा जोर मोजायच्या काट्यावर आधी पावणेसहा पौंड भरायचे, आता साडेतीन भरले. भिंत लागली की काचेची काडी मोडावी तसा चाप सुटायचा. त्या रात्री मी फार खूश होतो.

रेंजवर पहिली दोन मॅगझिनं मधोमध गेली. तिसऱ्यात चाप दाबला, खट् आवाज आला आणि गोळी सुटलीच नाही. तोंड लक्ष्याकडे ठेवून अर्धा मिनिट थांबलो आणि काडतूस बाहेर काढलं. त्याच्या बुडाशी प्रायमरवर, म्हणजे ठोका बसला की पेटणाऱ्या टिकलीवर, टोच जेमतेम उमटली होती. दिवसभराच्या शंभरात असं चार वेळा झालं. हा ठोका देणारी आतली पिन म्हणजे स्ट्रायकर. ग्लॉकमध्ये स्ट्रायकरची स्प्रिंग अर्धवटच ताणलेली असते, उरलेला ताण आपलं बोट देतं. म्हणून ती स्प्रिंग हलकी केली की चाप हलका होतो, आणि त्याच हिशेबाने स्ट्रायकरचा ठोकाही. दाराबाहेर माणूस उभा असताना शंभरात चार वेळा नुसतं खट् वाजणारं पिस्तूल मी कमरेला लावून फिरणार होतो. पुढचे दोन दिवस मला झोप लागली नाही.

गावातल्या वयस्कर गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, हे स्पर्धेसाठी की कमरेला? कमरेला म्हटल्यावर स्ट्रायकरची स्प्रिंग, आतल्या अडसराची स्प्रिंग आणि कनेक्टर तिन्ही मूळचे परत बसवले. सपाट चाप राहू दिला, कारण त्यालाही मधली जीभ आहे आणि बोट दर वेळी एकाच जागी पडतं. काट्यावर आता सव्वापाच. म्हणजे एवढ्या खटाटोपातून कमी झाला तो अर्धा पौंड. मसाद अयूब हे इथले जुने प्रशिक्षक स्वसंरक्षणाच्या पिस्तुलाचा चाप फार हलका करू नका असं वर्षानुवर्षं लिहीत आलेत. मनावर ताण असताना बोट चुकून चापावर पडण्याची भीती आहेच, शिवाय पुढे कोर्टात तोच हलका चाप निष्काळजीपणाचा पुरावा म्हणून मांडला जाऊ शकतो.

कोल्हापूरचा मित्र पोरांना एअर पिस्तूल शिकवतो. त्याला फोनवर हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "लेका, आमच्या राहीनं २०१८ला आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं त्या २५ मीटर प्रकारात चापाला किमान एक किलो वजन लागतं, १० मीटर एअर पिस्तूलला अर्धा किलो. तुझा अडीच किलोचा दगड कशाला?" प्रश्न रास्त होता. नेमबाज राही सरनोबतचं पिस्तूल रेंजवर पेटीतून निघतं, हुकूम झाल्यावर भरलं जातं, आणि चापावर बोट जातं ते निशाण्यासाठीच. नळी उभी धरून चापाला वजन टांगतात आणि पंच ते तपासतात. माझं पिस्तूल भरलेलं असतं आणि दिवसभर अंगाला लागून असतं. गाडीत बसताना, मुलीला उचलताना, घामाने भिजलेला शर्ट सारखा करताना त्याच्यात आणि अपघातात एक घट्ट होल्स्टर, म्हणजे कमरेचं म्यान, आणि तो अडीच किलोंचा ताण एवढंच आहे. खर्चाला चाप लावला असं आपण म्हणतो तेव्हा जो अर्थ असतो, तोच या लोखंडी चापाचाही निम्मा अर्थ आहे, हे त्याच्याशी बोलताना माझ्या ध्यानात आलं. मित्र थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "तर मग तुझ्या बोटावर काम कर."

आता रोज रात्री मुलगी झोपली की काडतुसं वरच्या मजल्यावरच्या तिजोरीत जातात. खाली रिकामं पिस्तूल तीनदा तपासायचं, भक्कम विटांच्या भिंतीकडे रोखायचं, स्लाइडवर पुढच्या टोकाशी रुपयाचं नाणं ठेवायचं आणि नाणं न पाडता चाप दाबायचा. ग्लॉकमध्ये दर वेळी स्लाइड थोडी मागे ओढून पुन्हा ताण द्यावा लागतो, म्हणजे नाणंही दर वेळी नव्याने ठेवायचं. रोज वीस वेळा. पहिल्या आठवड्यात नाणं पंधरा वेळा तरी फरशीवर वाजायचं, आणि बायको वरून विचारायची, झालं का तुमचं? आता तीनदा वाजतं, कधी चारदा.

गेल्या शनिवारी पुन्हा १५ यार्डांवरून दहा गोळ्या मारल्या. आठ मधल्या वर्तुळात गेल्या. दोन अजून खाली डावीकडेच आहेत.