सहा सेकंद गप्प बसायचं शिक्षण

थेरपिस्टनं वाक्य सुरात म्हणायचं, मग सहा सेकंद थांबायचं, आणि मगच पेशंटला म्हणू द्यायचं. म्युझिक थेरपी शिकताना हा नियम मला जेवढा छळतो तेवढा बोस्टनचा बर्फही छळत नाही.

मेलॉडिक इंटोनेशन थेरपी याच शहरात अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी १९७३ मध्ये मांडली. कळतं सगळं, पण बोलता येत नाही, अशा वाचाघाताच्या पेशंटसाठी. यात गाणी नसतातच. (माझी विशारद गेली पाण्यात!) ‘पाणी दे’ एवढंच दोन सुरांत म्हणायचं, पेशंटचा डावा हात धरून अक्षरागणिक ठेका द्यायचा, हळूहळू आपला आवाज काढून घ्यायचा. ते सहा सेकंद वरच्या पायऱ्यांवर येतात.

ठाण्याला नौपाड्यात माझे काका पक्षाघाताचा अटॅक आल्यापासून ‘हो’, ‘नको’वर आहेत. पण ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’ लागलं की खणखणीत म्हणतात. त्याचा व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर, खाली टाळ्याच टाळ्या. तेच काका काही मागायला तोंड उघडतात, तोवर काकू तांब्या घेऊन हजर, चुलतभावानं पंखा लावलेला, आणि शेजारच्या आजी दारातून, ‘चहा हवाय का हो?’ बिचारे तोंड मिटतात.

काकूंना थांबायला सांगितलं तर म्हणाल्या, “माणूस तहानलेला समोर बसलाय आणि मी आकडे मोजू?” काय बोलणार! इथल्या किती पेशंटना पाणी द्यायला घरचं माणूसच नसतं. त्या बाबतीत आपण श्रीमंतच.

इथे म्युझिक थेरपिस्ट व्हायला किमान १२०० तासांचं क्लिनिकल ट्रेनिंग लागतं. ‘तेवढे तास काकांजवळ बसली असतीस तर?’ भावानं ऐकवलं. बसले असते की. पण मीही तांब्याच आणला असता.

या थेरपीत इंग्रजीत जोराच्या अक्षराला वरचा सूर देतात. मराठीत तसा ठळक जोर कुठे असतो? म्हणून काकूंकडून काकांची नक्कल करून घेतली: ‘चहा आण गंऽ’. ‘गं’ चांगलाच वर चढतो. तेच दोन सूर धरलेत.

पण आधी स्पीच थेरपिस्टला दाखवा, असं बजावलंय. वांद्र्याला वाचा-श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, तिथे न्या म्हटलं. आता दादरला गाडी बदलून न्यायचं की सरळ टॅक्सी करायची, यावर घरात वाद पेटलाय. काकांना अजून कुणी विचारलेलं नाही.